उतारा वाचता येत नाही, मग कायदा कोण वाचणार?

राजापेठेहून राजकमल चौकाकडे चालत निघा आणि मान वर करून पाहा. शिकवणी वर्गांचे फलक एकाला एक लागून दिसतील. नीट, जेईई, एमएचटी-सीईटी. निकालाच्या दिवसांत त्यांवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो लागतात. अकोल्यात तर याहून जास्त. अकोला आज सबंध वऱ्हाडाचे शिकवण्यांचे गाव होऊन बसले आहे. जीवशास्त्राचे सर वेगळे, भौतिकशास्त्राचे वेगळे, गणिताचे त्याहून वेगळे. परंतु 'येथे वाचायला शिकवले जाईल' असा फलक मी अजून पाहिलेला नाही. वाचायला काय शिकवायचे, ते तर पहिलीतच झाले, असे आपण सगळे धरून चालतो. आणि नेमकी इथेच आपली मुले मार खातात.

हा लेख कायद्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल आहे. डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांची चर्चा भरपूर होते. वकील होण्याची परीक्षा मात्र आपल्या समाजात अजून 'भरून पाहू, लागला तर लागला' या भावनेने दिली जाते. ज्या समाजाचा उद्धारकर्ता बॅरिस्टर होता, ज्या समाजाची निम्मी लढाई आजही कोर्टात चालू आहे, त्या समाजाने या परीक्षेकडे असे पाहावे, याचे मला नवल वाटते. जे थोडे विद्यार्थी मनावर घेतात तेही सामान्य ज्ञान पाठ करतात, कायद्याच्या व्याख्या पाठ करतात आणि इंग्रजी उतारा व व्याकरण यांचा विभाग 'येईल तेवढे येईल' म्हणून सोडून देतात.

हा विभाग केवढा आहे, ते आधी पाहू. महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याचा प्रवेश सीईटीने होतो. प्रश्नपत्रिका पूर्वी १५० गुणांची होती, अलीकडे ती १२० गुणांची झाली. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचे २४ गुण आहेत, म्हणजे एक पंचमांश. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ४० गुण आहेत, म्हणजे चक्क एक तृतीयांश. बाकीचे प्रश्न मराठीतून वाचण्याची सोय आहे. हा विभाग मात्र इंग्रजीच. एकशे वीसपैकी चाळीस गुण रस्त्यावर टाकून जो मुलगा परीक्षेला बसतो, तो शर्यतीत एक पाय बांधून उतरतो. पाय बांधणारा दुसरा कोणी नसतो, हे आणखी वाईट.

कोणी म्हणेल, राखीव जागा आहेतच. आहेत, पण त्या जागांनाही गुणवत्ता यादी असते. शून्याच्या वर गुण मिळाले की कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात नाव लागते, हे खरे. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात लागत नाही. १८५५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाचे बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात प्राचार्य होते. त्याच महाविद्यालयातील राखीव जागेसाठी आज राजापेठेतील किंवा दर्यापूर-अंजनगावकडची पोरगी अर्ज करते, तेव्हा तिची स्पर्धा आपल्याच समाजातील, मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, घरात इंग्रजी पेपर येणाऱ्या मुलांशी असते. त्यांचा दोष नाही. त्यांच्या आईवडिलांनी कष्टाने ते मिळवले आहे. पण मग वस्तीतल्या मुलीचे काय? त्या दोघींमधले अंतर बहुतेक वेळा या चाळीस गुणांतच असते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार याहून अरुंद आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विधी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. त्यांच्या प्रवेशासाठी क्लॅट ही परीक्षा द्यावी लागते. २०२० पासून या परीक्षेचे रूप पालटले. आता जवळजवळ सगळी परीक्षाच उताऱ्यांची आहे. इंग्रजीचा उतारा, चालू घडामोडींचा उतारा, कायद्याचा उतारा, तर्काचासुद्धा उताराच. एक उतारा साडेचारशे शब्दांपर्यंत असतो, वेळ दोन तास, प्रश्न १२० आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. वीस-बावीस उतारे धरले तर नऊ ते दहा हजार शब्द झाले. निम्मा वेळ विचाराला आणि खुणा करायला ठेवला, तर मिनिटाला दीडशेहून अधिक शब्द वाचून समजले पाहिजेत. हा वेग महिनाभराच्या 'क्रॅश कोर्स'ने येत नाही. ज्याने आठवी-नववीपासून रोज काही वाचले आहे त्यालाच तो येतो.

आणि क्लॅट फक्त इंग्रजीत होते. नीट मराठीतून देता येते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. वकिली सुरू करण्यासाठी बार कौन्सिल जी परीक्षा घेते तीही मराठीतून देता येते. म्हणजे डॉक्टर होताना मराठी चालते, वकील झाल्यावर मराठी चालते. राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या दारात तेवढी चालत नाही! या प्रश्नावर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. क्लॅट मराठीसह भारतीय भाषांत झाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. परंतु ती मान्य झाल्याने हा लेख निरुपयोगी होणार नाही. जिल्हा व तालुका न्यायालयात मराठी चालते. राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. ज्या निकालांनी आपल्या आयुष्याचे बरेवाईट केले ते इंग्रजीत लिहिलेले आहेत आणि ते आपल्याला आपल्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजेत.

व्याकरण म्हणजे मास्तरची छडी, असे आपल्या मनात बसले आहे. कोर्टात उभे राहिले की कळते, व्याकरण म्हणजे कोणाचा जीव आणि कोणाची जमीन. राज्यघटनेचे कलम १६ (४) उघडून पाहा. राज्याने नोकरीत आरक्षण ठेवावे असे सरळ वाक्य तिथे नाही. या कलमातील कोणत्याही गोष्टीमुळे राज्याला तशी तरतूद करण्यास प्रतिबंध होणार नाही, अशी त्याची रचना आहे. दोन नकार एकमेकांना छेदून जातात आणि त्यातून आपला हक्क बाहेर येतो. हे वाक्य ज्याला उलगडता येत नाही त्याला आरक्षणावर भाषण करता येईल, वाद घालता येणार नाही. १९५१ साली चंपकम दोराईराजन प्रकरणात मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो कलम २९ (२) च्या आधारे. नोकरीच्या कलमात वरच्यासारखे पोटकलम आहे, शिक्षण संस्थांतील प्रवेशाच्या कलमात नाही, हा फरक न्यायालयाने नेमका दाखवला. एका वाक्याच्या अभावी शिक्षणातल्या जागा गेल्या. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५ (४) आले. कायदामंत्री बाबासाहेबच होते.

अॅट्रॉसिटी कायद्याचे पाहा. गंभीर गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत नेणाऱ्या कलम ३ (२) (पाच) मध्ये पूर्वी असे शब्द होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केलेला असला पाहिजे. आरोपीच्या मनातले कारण कोण सिद्ध करणार? जमिनीचा वाद होता, जुने वैर होते असे म्हटले की कलम गळून पडत असे. किती आरोपी या दोन शब्दांच्या फटीतून निसटले! २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तिथे 'अशी व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असून' असा बदल झाला. शब्द बदलले, पुराव्याचे ओझे हलके झाले. जातिवाचक अपमानाच्या कलमातही 'सार्वजनिक ठिकाण' असे शब्द नाहीत. लोकांच्या दृष्टीस पडेल अशी कोणतीही जागा, असे आहेत. घराच्या फाटकाजवळची जागा खासगी असली तरी बाहेरच्या लोकांना दिसत असेल तर ती या शब्दांत बसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले. तरी 'साहेब, हे अंगणात झाले, सार्वजनिक ठिकाणी नाही' हे उत्तर आपल्या माणसाला ठाण्यात मिळते, आणि तो परत फिरतो. कलम वाचून दाखवणारा सोबत असता तर फिरला नसता. प्रवेश परीक्षेतले दोन गुणांचे व्याकरण पुढे जाऊन हे असे काम करते.

गेली काही वर्षे राजापेठेच्या बाजूला एका विहारात रविवारी सकाळी आम्ही मुलांना घेऊन बसतो. फी नाही, फलकही नाही. तिथे जे दिसले ते सांगतो.

पहिली गोष्ट, आपली मुले व्याकरणात चुकतात ती मूर्खपणाने नव्हे, मराठीने. चुका ठरलेल्या आहेत, म्हणूनच त्या दुरुस्त होतात. मराठीत 'दोन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींना एकच 'पासून' आहे. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर' आणि सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स'. मुले दोन्हीकडे 'सिन्स' लावतात आणि गुण जातो. 'तो म्हणाला की मी येतो' हे मराठीत बिनचूक आहे; इंग्रजीत 'ही सेड' म्हटल्यावर पुढचे क्रियापदही भूतकाळाच्या मागे जाते, 'ही वुड कम'. मराठीत 'भीमाने पत्र लिहिले' आणि 'भीमाने चिठ्ठी लिहिली' असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, कर्त्याकडे बघतही नाही. इंग्रजीत ते कायम कर्त्याच्या ताब्यात. म्हणून 'द लिस्ट ऑफ बुक्स' नंतर मुले 'आर' लिहितात. जवळची पुस्तके दिसतात, लांबची यादी विसरते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये मित्र अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, हे कळायला एक रविवार पुरतो. 'अ', 'अॅन', 'द' हे मराठीत नाहीतच, त्यामुळे ते ऐकूही येत नाहीत. मुलांना सांगतो, उताऱ्यातल्या प्रत्येक 'द' खाली पेन्सिलने टिंब द्या आणि 'कोणता?' असे विचारा. उत्तर सापडले तर 'द' बरोबर. नियम अपुरा आहे, मान्य. तरी पंधरा दिवसांत कान तयार होतो.

आणि आपल्या वऱ्हाडीची गंमत पाहा. शाळेत ज्या बोलीला हसतात, ती इथे कामी येते. प्रमाण मराठीत 'तो जातो' म्हटले तर रोज जातो की आत्ता निघाला, हे संदर्भाने ठरवावे लागते. वऱ्हाडी माणूस 'तो जाऊन राह्यला' म्हणतो. म्हणजे 'ही इज गोइंग'. चालू काळ आपल्या पोरांच्या जिभेवर जन्मापासून आहे! एकदा हे दाखवून दिले की त्या प्रकारचा प्रश्न सहसा चुकत नाही. बोलीला अडाणीपणाचा शिक्का मारणाऱ्या शाळेने हे कधी दाखवले असते का? एक आई मुलाला सोडायला आली होती, दाराशी उभी राहून हे सगळे ऐकत होती. म्हणाली, "वकीलसाहेब, म्हंजे आमी बोलतो थे बी व्याकरनच हाय का?" हो बाई, तेही व्याकरणच आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती चळवळीला थोडी झोंबेल. उताऱ्याखाली प्रश्न असतो, 'लेखकाचे मत काय आहे?' आपली मुले तिथे स्वतःचे मत लिहून येतात. उतारा आरक्षणाच्या विरोधात असेल, खासगीकरणाच्या बाजूने असेल, तर अर्धा उतारा वाचून त्यांना राग येतो आणि ती जो पर्याय खरा वाटतो त्यावर खूण करतात. पर्याय जगात खरा असतो. उताऱ्यात मात्र तसे म्हटलेलेच नसते. गुण गेला. काही उताऱ्यांत लेखक आधी विरोधकाचे म्हणणे सविस्तर मांडतो आणि 'हाउएव्हर' म्हणून पुढे ते खोडतो. घाईने वाचणाऱ्याला खोडलेले म्हणणेच लेखकाचे वाटते.

हे का होते? आपण ऐकणारा समाज झालो आहोत. जयंतीच्या भाषणात, सभेत, आपल्याला पटणारे ऐकायचे आणि टाळी वाजवायची, हीच सवय. न पटणारा मजकूर शेवटपर्यंत शांतपणे वाचून, तो नेमका काय म्हणतो हे त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगायचे, याचा सराव नाही. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळण्याआधी ती वाचली होती. वेद, स्मृती, पुराणे यांचा किती बारकाईने अभ्यास केला होता, हे त्यांचे ग्रंथ उघडले की दिसते. वकिलीचे पहिले कामच हे आहे, समोरच्याचा दावा त्याच्या वकिलाहून नीट वाचणे. म्हणून रविवारी आम्ही मुद्दाम आपल्या विरोधातला अग्रलेख घेतो. एकाने मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने लेखकाचे म्हणणे चार वाक्यांत सांगायचे, स्वतःचा एक शब्दही न घालता. ज्याला राग आला त्याने तो प्रश्न सुटेपर्यंत खिशात ठेवायचा. पहिल्या महिन्यात हे कोणालाच जमत नाही. तिसऱ्या महिन्यात मुले परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यावरून पुढे काय येणार ते ओळखू लागतात.

बारीकसारीक सूचना दोन-चारच आहेत. उताऱ्याआधी प्रश्नांवर नजर टाका, पर्यायांवर नको; पर्याय आधी वाचले की उतारा त्यांच्याच चष्म्यातून दिसतो. 'अनलेस' मध्ये नकार आधीच आहे, त्याला दुसरा नकार जोडू नका. 'ऑल', 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ओन्ली' असे ठाम शब्द असलेला पर्याय उताऱ्यात तेवढाच ठामपणा सापडल्याशिवाय निवडू नका. अवघड शब्दाला अडून बसू नका, मागच्या-पुढच्या वाक्यातून तो बोलतो. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही; क्लॅटला मात्र अंदाजाचा बाण जपून मारायचा. बाकी सगळा सराव. क्लॅटच्या मागील प्रश्नपत्रिका आणि नमुने विद्यापीठांच्या कन्सोर्शियमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हजारोंचे पॅकेज घेण्यापूर्वी त्या तरी सोडवा.

वाचायचे काय? मुले विचारतात, सर, रेन अँड मार्टिन घेऊ का? घ्या, पण ते नियम शोधण्यासाठी उघडायचे पुस्तक आहे, पहिल्या पानापासून पाठ करण्याचे नव्हे. वाचायला बाबासाहेब घ्या. हे मी भक्तीने सांगत नाही, भाषेसाठी सांगतो. त्यांच्या इंग्रजी वाक्यात कर्ता कुठे, क्रियापद कुठे, युक्तिवाद कुठून कुठे गेला, हे स्वच्छ दिसते. शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे' मालेच्या बाराव्या खंडात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला लावलेले आहे. नववीच्या मुलालाही शब्दकोश घेऊन ते वाचता येते, इतकी त्याची इंग्रजी सोपी आहे. त्यानंतर पहिल्या खंडातील 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट', १९३६ चे. त्यातला एखादा भाग घेऊन शिक्षकाने पाच प्रश्न काढले तर क्लॅटच्या तोडीचा उतारा तयार होतो. या मालेचा सोळावा खंड पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशाचा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? देशाची घटना लिहिणारा माणूस रात्री पालीचे शब्द आणि त्यांचे अर्थ जुळवत बसत होता. त्यांना व्याकरण कमी प्रतीचे काम वाटले नाही.

हे खंड मिळतात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर संतापजनक आहे. खंडांच्या छपाईचे काम इतके रखडले की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपणही केला. आमच्या जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. चांगले झाले. पण भाषेच्या गौरवाचे फलक लागतात आणि त्याच शहरातल्या वसतिगृहातील मुलाकडे इंग्रजी-मराठी शब्दकोश नसतो, ही विसंगती सांगितली पाहिजे.

म्हणून काही गोष्टी सरकारकडे मागायच्या आहेत आणि काही आपणच करायच्या आहेत. बार्टीने कायद्याच्या प्रवेश परीक्षेसाठी, त्यातही वाचन आणि भाषा या विभागासाठी, अमरावती आणि अकोल्यात वर्षभराचे मोफत वर्ग चालवावेत. परीक्षेच्या तोंडावर दोन महिन्यांचे नकोत. आठवी-नववीच्या मुलांपासून सुरू होणारे हवेत. क्लॅटच्या अर्जाचे शुल्कच अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला साडेतीन हजार रुपये पडते. रोजमजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम निघता निघत नाही. ती सरकारने परत केली पाहिजे. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात एक इंग्रजी दैनिक, एक मराठी दैनिक, शब्दकोश आणि बाबासाहेबांचे इंग्रजी खंड असावेत. ते आहेत की नाहीत, हे विचारायला मोर्चा लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा: आपल्या वसतिगृहात गेल्या तीन वर्षांत पुस्तके आणि वृत्तपत्रे यांवर किती खर्च झाला, खरेदीची यादी आणि पावत्यांच्या प्रती द्याव्यात. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. वसतिगृहातील मुलांनी हा अर्ज स्वतः लिहावा. अर्ज लिहिणे हाही वाचन-व्याकरणाचाच धडा आहे, आणि अर्जातील प्रश्न नेमका नसेल तर उत्तर कसे गुळमुळीत येते, हेही त्यांना कळेल.

राहिले आपल्या विहारांचे. वऱ्हाडात आज अनेक विहारांत अभ्यासिका आहेत आणि ही मोठी कमाई आहे. परंतु या अभ्यासिकांत मुले मान खाली घालून आपापले पुस्तक घेऊन बसतात, कोणी कोणाशी बोलत नाही, 'शांतता राखा' अशी पाटी असते. एमपीएससी करणाऱ्याला ती शांतता हवी, हे कबूल. पण आठवड्यातून एक तास ती पाटी उतरवून ठेवायला काय हरकत आहे? मोठ्याने वाचू द्या, अडू द्या, वाद घालू द्या. शिकवायला प्राध्यापकच हवा असे नाही. सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, कोर्टातला तरुण वकील, कॉलेजातली मुलगी, कोणीही चालेल. अट एवढीच की त्याने तो उतारा आदल्या रात्री स्वतः वाचून यावा. आमच्याकडे टायपिंगचे काम करणारी एक बाई सगळ्यांत चांगले व्याकरण शिकवते, कारण दिवसभर वकिलांच्या चुका दुरुस्त करणे हाच तिचा धंदा!

ज्यांना आपल्या वस्तीत असा तास सुरू करायचा आहे त्यांनी पहिल्या रविवारी राज्यघटनेची कलमे १५, १६ आणि १७ घ्यावीत. इंग्रजी आणि मराठी मजकूर समोरासमोर ठेवावा आणि मुलांना एवढेच विचारावे की कलम १५ (१) मध्ये 'ओन्ली' हा शब्द काढून टाकला तर काय बदलेल. पूर्ण तास जाईल. शब्दकोश ज्याच्या घरी असेल त्याने आणावा, पेन्सिली मात्र जास्तीच्या ठेवाव्यात. निम्मी मुले त्या विसरून येतात.